चार नंबरचा शेरा

हॅगरॉइड,
रविवार, १४ सप्टेंबर १९५८

प्रिय क्लेम,

तुझं पत्र पोचलं. समुद्राची हवा, तुझे गुडघे आणि शेजारणीचं मांजर, तिघांचीही खुशाली कळली. इकडे सगळं ठीक. गिरणीचा भोंगा वाजतो, एझ्रा जातो, भोंगा वाजतो, एझ्रा येतो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण भोंगा आणि नवरा दोघांच्याही वेळा चुकलेल्या नाहीत.

११ ऑक्टोबरच्या बँड स्पर्धेला यंदाही तूच परीक्षक, असं आमच्या बँडचा सेक्रेटरी जेथ्रो पिकल्स सांगत होता. म्हणजे माझा भाऊ पुन्हा एकदा त्या पडद्याच्या खोक्यात स्वतःला दिवसभर कोंडून घेणार, कुठला बँड वाजवतोय ते न बघता नुसता ऐकणार, आणि आपले ते गुळगुळीत शेरे लिहिणार. म्हणून एक गोष्ट आताच विचारून घेते. नाव विचारू नकोस. परीक्षकाला नाव सांगणं बरं दिसत नाही.

आमच्या बँडमध्ये एक माणूस आहे. फार चांगला वाजवायचा. जानेवारीत त्याचे सगळे दात काढले आणि कवळी बसवली. तेव्हापासून वाद्यावर ओठ ठरत नाही. सूर फाटतो, ओळीच्या शेवटी नुसती हवा येते. सगळ्यांना ऐकू येतं आणि सगळे छताकडे बघतात. त्याला स्वतःला कळतं की नाही, देव जाणे.

माझा प्रश्न एवढाच: त्याला कोणीतरी तोंडावर सांगावं की नाही? तू तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंस, वीस वर्षं लोकांचं वाजवणं तोललंस. होय किंवा नाही, एका शब्दात कळव.

तुझी,
विनी

ता. क. एझ्रा तुझी आठवण काढतो. स्वतः लिहिणार नाही. लग्नानंतर त्यानं फक्त कोळसेवाल्याला चिठ्ठ्या लिहिल्या आहेत.

•

ब्रायटन,
१९ सप्टेंबर १९५८

प्रिय विनी,

तुझा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नसावा. एका बाजूनं पाहिलं तर असं म्हणता येईल, की त्या माणसाला सांगणं हे कदाचित मित्रांचं कर्तव्य ठरावं. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर, सांगितल्यानं जे मोडेल ते न सांगितल्यानं बिघडतं आहे त्याहून मोठंही असू शकेल. कदाचित मधला एखादा मार्ग काढता यावा. उदाहरणार्थ, त्याच्यासमोर कोणी सहज म्हणू शकेल, की हल्ली तुझं वाजवणं थोडं वेगळं वाटतं का रे? त्यावरून त्यानं ओळखलं तर ओळखलं.

तू हसशील. पण शाळेत मी पोरांना पहिल्याच आठवड्यात हे शिकवत असे. मत सांगताना ‘आहे’ म्हणू नये. ‘आहे’ म्हटलं की दार धाडकन बंद होतं. ‘असावं’ म्हणावं, ‘असू शकेल’ म्हणावं. आपल्या भाषेनं माइट आणि कुड हे दोन इवलेसे शब्द त्यासाठीच ठेवलेले आहेत. दार किलकिलं राहतं आणि समोरच्याला मान खाली न घालता आत येता येतं. नव्या परीक्षकांसाठी मी छोटी पुस्तिका लिहिली, तिच्यातही हेच आहे. वीस वर्षांत माझ्या शेऱ्यानं कोणी दुखावल्याचं माझ्या कानावर नाही.

तू नाव सांगितलं नाहीस ते योग्यच. तरी तो ट्रॉम्बोनवाला हॅरल्ड असावा, असा अंदाज बांधायला हरकत नसावी. त्याचे दात शाळेतही वाईटच होते. एझ्रानं त्याच्याशी बोलून पाहिलं तर? एझ्राकडून ऐकताना कमी लागेल. त्याच्या त्या गलेलठ्ठ पितळी युफोनियमसारखा आवाज या खोऱ्यात दुसरा नाही, आणि हे मी ‘असावा’ वगैरे न लावता लिहितो आहे, याची नोंद घे.

तुझा,
क्लेम

•

हॅगरॉइड,
२३ सप्टेंबर

क्लेम,

एक शब्द मागितला होता, तू चार पानं पाठवलीस. मी पेन्सिल घेऊन बसले. ‘कदाचित’ दोन वेळा. ‘असावं’ आणि त्याची भावंडं दहा. ‘म्हणता येईल’ मोजायला घेतलं तोवर चुलीवर कांदे करपले. आणि एवढं वाचून हाती काय? ना होय, ना नाही.

तुझं हे आजचं नाही. १९२७ साली मी तुला विचारलं होतं, एझ्रा ग्रीनवूडशी लग्न करू का? तू लिहिलंस, ‘हा विवाह सर्वस्वी अयोग्य ठरेलच असं वाटत नाही.’ मी ते पत्र घेऊन आईकडे गेले. आई म्हणाली, ‘अगं पण हा हो म्हणतोय की नको म्हणतोय?’ दोघींनी अर्धा तास खल केला. शेवटी आई म्हणाली, ‘मरू दे, पोरगा पाय पुसून घरात येतो, कर लग्न.’ आईच्या त्या एका वाक्यावर माझा संसार उभा आहे, तुझ्या चार ओळींवर नाही.

कोणी दुखावलं नाही म्हणतोस ना? ऐक. दोन वर्षांपूर्वी आमच्या ढोलवाल्याबद्दल तू लिहिलंस, ‘तालाकडे आणखी थोडं लक्ष देता आलं असतं, तर परिणाम कदाचित याहूनही सुखद झाला असता.’ आमच्याकडचा नियम तुला माहीत आहे. परीक्षकाचं पाकीट स्पर्धेनंतरच्या मंगळवारी तालमीतच फोडायचं आणि जेथ्रोनं उभं राहून एकही शब्द न गाळता वाचायचं. तो शेरा वाचला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, स्तुती झाली. नॉर्मन हिंचक्लिफ दोन वर्षं तसाच चुकीचा ढोल बडवतोय आणि तोंडभर हसतोय.

दुखवलं नाहीस खरा, पण उपयोग तरी काय झाला?

त्या खोक्यात तुला कोणी बघत नाही, तू कोणाला बघत नाहीस. निदान तिथे तरी आयुष्यात एकदा सरळ लिही. जे आहे ते आहे म्हण. आकाश कोसळणार नाही.

विनी

•

ब्रायटन,
रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय विनी,

लिहिलं! मी लिहिलं, विनी. तुझ्या चोपण्याचा उपयोग झाला.

नऊ बँड होते. नऊ वेळा तीच रचना. सभागृहाच्या मधोमध माझा खोका: चार खांब, जाड पडदे, टेबल, शिट्टी, हॅमची सँडविचं आणि (तुझ्यापासून काय लपवायचं) एक बादली. मी शिट्टी वाजवायची, मग बँड वाजवणार. कोण ते मला कळायचं नाही, फक्त नंबर.

चार नंबरला युफोनियमची एकट्याची ओळ आली आणि माझी पेन्सिलच थांबली. इतका फाटका, ओला, केविलवाणा आवाज मी स्पर्धेत ऐकला नव्हता. हाताला सवय, मी लिहून गेलो, ‘युफोनियमला कदाचित थोडा अधिक आधार मिळाला असता तर...’ आणि तू आठवलीस. पेन्सिल घेऊन मोजणारी. मी ते खोडलं आणि लिहिलं:

‘युफोनियम वाजवणाऱ्याचा ओठ गेला आहे. तो परत येणार नाही. त्यानं आजच वाद्य खाली ठेवावं. तो त्या खुर्चीत बसतो आहे तोवर हा बँड जिंकणार नाही.’

चार वाक्यं, आणि एकातही माइट नाही, कुड नाही. खरं सांगू, पाचव्या नंबरची शिट्टी मी जरा जोरातच वाजवली.

आणि आता जे सांगणार आहे ते परीक्षकानं सांगू नये. सातवा नंबर. पहिल्या सुरालाच मी ओळखलं. सूर धरण्याआधी ते निमिषभर थांबणं आणि मग खालून हळूच वर येणं, हे आईच्या स्वयंपाकघरात मी इतक्या वेळा ऐकलंय की थडग्यातही ओळखीन. मी लिहिलं, ‘युफोनियमला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.’ सातला पहिला नंबर दिला. पक्षपात नाही, बाकीचे जवळपासही नव्हते.

निकाल वाचायला मी थांबलो नाही. ५३ साली एक हरलेला ट्रॉम्बोनवाला माझ्यामागे स्टेशनपर्यंत ट्रॉम्बोनसकट आला होता, तेव्हापासून मी सेक्रेटरीच्या हाती पाकिटं देऊन कोळशाच्या दारानं निघतो. तर बाईसाहेब, अभिनंदन! एझ्राला म्हणावं, पन्नाशी उलटली तरी तुझ्या जवळपास कोणी नाही.

तुझा सरळसोट भाऊ,
क्लेम

•

हॅगरॉइड,
बुधवार, १५ ऑक्टोबर

क्लेम,

चार नंबर आम्ही होतो.

माझ्यानं धड लिहवत नाही, अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच. चार नंबर हॅगरॉइड बँड होता. युफोनियमच्या खुर्चीत एझ्रा होता. कवळीवाला माणूसही एझ्राच. हॅरल्डचे दात अजून घोड्यासारखे आहेत. तुला कळू द्यायचं नाही, अशी एझ्रानं जानेवारीत मला शपथ घातली होती. मी ताकाला गेले आणि भांडं लपवलं, आणि हे असं झालं.

तुझं पत्र काल दुपारच्या टपालानं आलं. ‘चार नंबर’ वाचलं आणि कागद उजेडात धरून पुन्हा वाचला. शनिवारी निकालात आमचा आठवा नंबर आला हे माहीत होतं, पण आठवा नंबर काय, येतो कधी कधी. एप्रन न सोडता मी जेथ्रोच्या घरी धावले. म्हटलं, जेथ्रो, आज ते पाकीट वाचू नकोस, किंवा निदान आधी एकटा वाच. तो म्हणाला, ‘विनी, नियम म्हणजे नियम. आणि तुझा भाऊच तर आहे, इतकं काही वाईट नसेल बहुतेक.’ त्याला मी काय सांगणार? परीक्षकानं बहिणीला शेरा आधीच कळवलाय म्हणून?

तालमीत मी चहाच्या किटल्या घेऊन दारात उभी होते. जेथ्रोनं चष्मा लावला, पाकीट फोडलं आणि वाचायला लागला. कॉर्नेटबद्दल काहीतरी आलं. मग ते आलं. तुझं पहिलं वाक्य वाचून झाल्यावर तो थांबला. मला वाटलं, देवा, आता तरी कागद खाली ठेव. पण तीस वर्षांत त्यानं एक शब्द गाळला नव्हता, त्यानं चारही वाक्यं वाचली.

चोवीस माणसं, क्लेम.

एझ्रा म्हणाला, ‘पुन्हा वाच, जेथ्रो.’

जेथ्रोनं पुन्हा वाचलं.

एझ्रानं तोंडातली कवळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. वाद्यातलं पाणी काढलं, नेहमीसारखं फडक्यानं पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी खुर्चीवर ठेवून माझ्या शेजारून बाहेर गेला. माझ्याकडे बघितलंही नाही. आज सकाळी कामावर गेला, परत आला तो थेट परसातल्या कबुतरांपाशी जाऊन बसला. जेवत नाही, बोलत नाही. मी तीनदा हाक मारली.

हो, मीच म्हणाले होते सरळ लिही. पण इतकं? माणसाला असं उभं चिरायचं? अरे, एक ‘कदाचित’ तरी ठेवायचास रे!

विनी

•

ब्रायटन,
१७ ऑक्टोबर

विनी,

तुझं पत्र जिन्यात उघडलं आणि जिन्यातच बसलो. घरमालकीण पाणी घेऊन आली. अजून विश्वास बसत नाही. असं होऊच शकत नाही. मी एझ्राला ऐकलं, सात नंबरला, माझ्या या दोन कानांनी! तो चार नंबरचा आवाज एझ्राचा? एझ्राचा? मी तो आवाज ओळखला नाही आणि त्याला खुर्चीतून उठवलं?

एक कबूल करतो. रात्रभर विचार करूनही दुसरं काही सापडलं नाही. मी सरळ लिहिलं ते धैर्यानं नाही. चार नंबर कोणी परका आहे, अशी मनाची खात्री होती म्हणून लिहिलं. तो एझ्रा आहे, अशी पुसटशी शंका जरी आली असती, तरी मी ‘थोडा अधिक आधार’ लिहून पान उलटलं असतं. वीस वर्षं मी स्वतःला दयाळू समजत आलो. मी नुसता भित्रा आहे.

आता काय करता येईल? स्पर्धेच्या सेक्रेटरीला लिहून शेरा मागे घेता येईल कदाचित. चार आणि पाचच्या कागदांची अदलाबदल झाली असावी, असंही म्हणता येईल. किंवा जेथ्रोला खाजगीत कळवून पाहावं का? एझ्राच्या मनाला त्यानं थोडं तरी बरं वाटू शकेल का?

आणि मग सात नंबरला कोण होतं?

क्लेम

•

हॅगरॉइड,
सोमवार, २० ऑक्टोबर

क्लेम,

काही मागे घेऊ नकोस, कोणाला लिहू नकोस. एझ्रा बोलला.

तुझं पत्र शनिवारी आलं. मी कबुतरांच्या खोपीच्या दारात उभी राहून मोठ्यानं वाचलं, त्यानं ऐकलं तर ऐकलं म्हणून. ‘मग सात नंबरला कोण होतं’ इथे आले आणि आतून हसू ऐकू आलं. खरंच, हसला. मग म्हणाला, ‘कागद दे.’ काल दिवसभर स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून लिहीत होता, मला जवळ येऊ दिलं नाही. पाकीट स्वतः चिकटवलं, ते यासोबत पाठवते. काय लिहिलंय कोण जाणे. तुला शिव्या असतील तर वाचून फाडून टाक.

माझं म्हणशील तर एक समाधान आहे. एवढे महिने मी त्याच्यापाशी गप्प राहिले, पण खोटं बोलले नाही.

विनी

•

हॅगरॉइड,
१९ ऑक्टोबर

क्लेमंट,

मला लिहिता येत नाही. वेडंवाकडं असेल.

चार नंबर मी. शेरा बरोबर आहे. मागे घेतलास तर माझ्या घरात पाऊल टाकू नकोस.

फेब्रुवारीत कवळी लावून पहिल्यांदा फुंकलं तेव्हाच मला कळलं. मी बहिरा नाही. पण माणूस स्वतःच्या कानांवर लगेच विश्वास ठेवत नाही. म्हणून विचारत सुटलो. जेथ्रो म्हणाला, हवा दमट असावी. बँडमास्तर म्हणाला, वाद्याची झडप सैल असू शकेल. वाद्य दुरुस्तीला पाठवलं, झडप ठीक होती. दाताचा डॉक्टर म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत बसेलही. हॅरल्ड म्हणाला, मला तर फरक वाटत नाही फारसा. सगळी भली माणसं आहेत. शेवटी विनीला विचारलं. ती बटाटे सोलत होती. विचारलं, विन, माझं संपलं का गं? ती म्हणाली, थकला असशील, उन्हाळ्यात बहुतेक सुधारेल.

तिला ते आठवतही नसेल. मी तो ‘बहुतेक’ धरून आठ महिने फुंकत राहिलो. रोज एक तास, धुण्याच्या खोलीत. हिरड्यांतून रक्त यायचं.

मंगळवारी जेथ्रोनं वाचलं तेव्हा मला धक्का बसला तो शेऱ्याचा नाही. ते मला माहीत होतं. धक्का बसला तो असा की कोणीतरी बोललं. मी पुन्हा वाचायला लावलं ते त्यासाठी. मग घरी जाताना मनात आलं, जो बोलला त्यानं मला ओळखलं नाही म्हणून बोलला. आपल्या माणसांकडून खरं ऐकायला मला परकं व्हावं लागलं. त्यानं मी खचलो. चार दिवस कबुतरांपाशी बसलो ते त्यासाठी.

आता सात नंबर. ती मेव्हिस डायसन, आमच्याच गिरणीत मागावर असते. लढाईत पोरं गेली, खुर्च्या रिकाम्या पडल्या, तेव्हा मीच तिला शिकवलं, तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात. सूर धरण्याआधी थांब, मग खालून वर ये, हे मी तिला महिनाभर घोकवलं. ४६ साली माणसं परत आली आणि बाईला बँडमध्ये ठेवायचं की नाही, असं कमिटीत निघालं. मला विचारलं. ती माझ्याहून चांगली होणार, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, ठेवायला हरकत नसावी बहुधा. एवढंच म्हणालो. त्यांनी तिला काढलं. ती खालच्या गावच्या बँडमध्ये गेली. तिथे अकरा वर्षं मागच्या रांगेत बसवली, यंदा पुढे आणली.

तेव्हा तुझे कान शाबूत आहेत. तू ऐकलास तो माझाच आवाज होता, फक्त तो आता माझ्या तोंडात नाही.

पुढच्या मंगळवारी कमिटी आहे. मला जायचं आहे.

एझ्रा

•

हॅगरॉइड,
बुधवार, २९ ऑक्टोबर

क्लेम,

एझ्राचं पत्र तू मला पाठवलंस, वर एकच ओळ, ‘हे तू वाच.’ ‘वाचलेलं बरं असावं’ नाही, नुसतं ‘वाच’.

वाचलं. मग दारातल्या पायरीवर बसून पुन्हा वाचलं.

मला आठवतं, क्लेम. त्याला वाटतं, आठवत नसेल. मला सगळं आठवतं. मी मोरीकडे तोंड करून बटाटे सोलत होते. त्यानं विचारलं तेव्हा मी वळले नाही. वळले असते तर त्याला माझ्या तोंडावर दिसलं असतं. म्हणून पाठ करूनच बोलले, उन्हाळ्यात बहुतेक सुधारेल. तुझे दोन ‘कदाचित’ पेन्सिलनं मोजणारी मी. माझा एक ‘बहुतेक’ मी मोजलाच नाही. तुला म्हणाले, खोटं बोलले नाही. लाज वाटते. आणि तो धुण्याच्या खोलीतून यायचा तेव्हा रुमालाला रक्त असायचं, ते रुमाल मीच धुवत होते.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, ‘एझ्रा, तुझं वाजवणं संपलंय. मला फेब्रुवारीतच माहीत होतं. मी घाबरले.’ त्यानं कवळी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘आता पुडिंग वाढ.’ तेरा दिवसांनी पोटभर जेवला.

काल कमिटी झाली. मी चहाच्या निमित्तानं आतच थांबले, कोणी बाहेर जा म्हणालं नाही. एझ्रा उभा राहिला.

‘माझी खुर्ची मेव्हिस डायसनला द्यायची,’ म्हणाला.

जेथ्रो म्हणाला, ‘विचार करून बघता येईल, एझ्रा. पुढच्या वर्षी कदाचित...’

‘विचार करा असं मी म्हणत नाहीये. ४६ साली तुम्ही मत विचारलंत, मी चघळत बोललो. आज नीट बोलतो. ती या खोऱ्यातली सगळ्यात चांगली वाजवणारी आहे. तिला काढलंत ते चूक होतं. मी गप्प बसलो, ते जास्त चूक होतं.’

मला वाटलं, छत पडतं की काय. हॅगरॉइडच्या बँडमध्ये असं कोणी कधी बोललेलं नाही. बँडमास्तर लाल झाला. हॅरल्ड शिंकला, उगाचच. मग नॉर्मन ढोलवाल्यानं हात वर केला, आणि एकेक करत सात हात वर आले. विरुद्ध तीन.

तेवढ्यात एझ्रा त्याला म्हणाला, ‘आणि नॉर्मन, तू दोन वर्षं तालात मागे आहेस.’ नॉर्मन पांढराफटक पडला. ‘पण परीक्षकानं तर सुखद लिहिलं होतं!’ म्हणाला. बिचारा. तुझ्या त्या शेऱ्याचा कागद त्यानं घरात चौकट करून लावलाय, हे मला काल कळलं.

आज सकाळी जेथ्रो मेव्हिसकडे मागावर गेला. यंत्रांच्या आवाजात ओरडून सांगावं लागलं. ती म्हणाली, येते, पण आधी म्हणा की मला काढलंत ते चुकलं. जेथ्रो म्हणाला, ‘तेव्हा कदाचित घाईच झाली असावी.’ ती पुन्हा मागाकडे वळली. सगळ्या बायका बघत होत्या. मग जेथ्रोनं टोपी काढली आणि ओरडला, ‘आमचं चुकलं!’ बायका सांगतात, त्याच्या घशातून ते मोठ्या कष्टानं निघालं, पण निघालं एकदाचं.

एझ्रा आता नॉर्मनच्या शेजारी उभा राहून ताल धरून दाखवणार आहे, आणि जमलं तर मोठा ढोल दोघं आळीपाळीनं घेतील. ढोलाला दात लागत नाहीत, म्हणतो. कालपासून तुझ्यासाठी वरची खोली झाडून ठेवलीय, त्यानंच, मी नाही.

ख्रिसमसच्या सकाळी बँड गावभर फिरतो, तुला माहीत आहे. पहिलं गाणं आईच्या जुन्या दारासमोर होतं. यंदा मेव्हिस तिथे वाजवेल, आणि एझ्रा तिच्या मागे ढोल घेऊन असेल. सहा वर्षांत तू एकदाही घरी आला नाहीस. दर वर्षी तुझं पत्र येतं, ‘जमवता आलं तर नक्कीच आनंद होईल.’ यंदा तसलं काही लिहिलंस तर मी ते चुलीत घालीन.

येतोस का? होय किंवा नाही.

विनी

•

(कार्ड)
ब्रायटन, १ नोव्हेंबर

विनी,

हे तिसरं कार्ड. आधीची दोन फाडली.

येतो.

क्लेम